रक्तगट मालेगाव

विरामचिन्हांवरून सोयऱ्याधायऱ्यांशी भांडण काढणारा माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. रिसोडहून मराठीचे मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण खिशातलं लाल पेन काही निवृत्त झालं नाही. लग्नपत्रिका आली की आधी तिच्यातले स्वल्पविराम दुरुस्त करायचे, मग लग्नाला जायचं की नाही ते ठरवायचं. एकदा एसटीत ‘थुंकू नका’ या पाटीपुढे त्यांनी पूर्णविराम दिला. कंडक्टर खेकसला, तर म्हणाले, “म्या थुकलो नाई बाप्पा, वाक्य संपवलं!”

निवृत्तीनंतर त्यांनी आसपासच्या गावांतल्या रक्तदात्यांची यादी करायला घेतली. गावोगावचे कार्यकर्ते आपापल्या फाइली क्लाउडवर टाकत, आणि मास्तरांचं सॉफ्टवेअर त्या वाचून एकच मोठी यादी बनवी. फाइलीत नाव, पत्ता, रक्तगट, फोन असं ओळीनं लिहिलेलं. स्वल्पविराम दिसला की नवा रकाना. “पाहा साडभाऊ, मशीनले बी व्याकरण लागते!” हे त्यांनी मला भेटेल तेव्हा ऐकवलं. सेटिंगमधल्या काही चौकटी मात्र कोऱ्याच सोडल्या होत्या. का, तर “रिकाम्या जागा भराचं काम पोट्ट्यायचं, मास्तरचं नाई.” त्यामुळे रकान्यांच्या मथळ्यांची पहिली ओळही दाता ठरली, आणि यादीतल्या पहिल्या दात्याचं नाव होतं ‘नाव’, राहणार ‘पत्ता’. मी हसलो, तर म्हणाले, “असंन कोनी.”

मग एका दुपारी शेजारचे गृहस्थ धापा टाकत आले. त्यांची सून वाशीमला बाळंत झाली होती, रक्तस्राव थांबत नव्हता, ओ निगेटिव्ह रक्त हवं होतं. मास्तरांनी यादीत शोधलं. एकही नाही. त्यांचा चेहराच उतरला. “असं कसं? मालेगावचा माहा एक विद्यार्थी हाय ना ओ निगेटिव्ह!” त्याची ओळ उघडून मी वाचली आणि म्हणालो, “मास्तर, याचा रक्तगट मालेगाव आहे.”

पत्ता होता, ‘बसस्टँडमागे, मालेगाव’. त्या मधल्या स्वल्पविरामानं गाव रक्तगटात ढकललं आणि रक्तगट फोनच्या रकान्यात. खरा नंबर त्याच्याही पुढे सापडला. मास्तरांनी फोन लावला. पलीकडून आवाज आला, “निंगालोच सर.” विद्यार्थी मोटरसायकलवर वाशीमला पोचला. सून वाचली.

तशी बातमी येताच मास्तर कॉम्प्युटरपुढे बसले. फाइलीत पत्त्याभोवती अवतरणचिन्हं होतीच. ती पाळायला सॉफ्टवेअरला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी त्यासाठीच्या कोऱ्या चौकटीत ते चिन्ह भरलं, म्हणजे अवतरणातला मजकूर एकसंध राहील. पहिली ओळ सोडून वाचायची, हेही नोंदवलं. मग शेजाऱ्यांच्या घरी जाऊन, आयुष्यात पहिल्यांदाच बहुधा, म्हणाले, “चूक माही होती.”

परवा गेलो तर ते यादीतून एक ओळ काढत होते. त्यांचीच.

“पासष्ट सरले, साडभाऊ. आता माहं रक्त घेत नाईत.”

“राहू द्या की. कोण पाहतंय?”

“मंग यादी चुकीची ठेवू काय?”

त्यांनी बटण दाबलं. खालचं नाव वर सरकलं. मास्तरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले, बराच वेळ.