वेशीची तेलकाकू

"दार कुरकुरता कामा नये, एवढंच सांगतोय."

"का? कुणाला गुपचूप आत घ्यायचंय?"

"जीभ आवर. भाऊ म्हणून ऐकून घेतोय."

वेशीच्या जिन्यात हे भांडण कानावर पडलं तेव्हा तेलकाकू नवी नवरी होती. भांडणारे सख्खे भाऊ. थोरल्याकडे वेशीच्या किल्ल्या, धाकटा पहाऱ्याचा नाईक. पण दोघांचे आवाज एका साच्यातले, कोण काय बोललं ते कळेना. ती खाली उतरली तर दोघं उन्हात बसून हसत होते. हसण्यानं तर तिचा संशय आणखी वाढला.

शहराला चहूकडून तट, आत यायला ही एकच वेस. दाराला बाहेरून वीतभर लांब खिळे, आतून मांडीएवढा जाड अडसर. पण घरच्यानंच अडसर काढला तर खिळे काय करणार?

दार ज्यांत फिरतं त्या वरच्या-खालच्या खोबणींत तेल घालणं हे तिचं काम. तिनं खालची खोबण न्हाऊ घातली आणि वरची कोरडी ठेवली. रोज सकाळी दार असं किंचाळायचं की अर्धं शहर त्यावरच उठायचं.

"काकू, तेल घालता की घरी नेता?" थोरला विचारायचा.

"दार म्हातारं झालंय, दादा. तुमचे गुडघे नाही वाजत?"

धाकटा नुसता तिच्या गाडग्याकडे बघायचा. तेही तिला खटकायचं.

वीस वर्षांनी शत्रूची छावणी तटाबाहेर पडली. वेस बंद झाली. एका दुपारी पहारेकरी जेवायला बसले आणि दार किंचाळलं. सगळे उष्ट्या हातांनी धावले. अडसर जमिनीवर, आणि दाराला खांदा लावलेला थोरला. बाहेर घोडेस्वार तयारच होते. दार कसंबसं परत लागलं. पठ्ठ्यानं आदल्या दिवशी स्वतः तेल ओतलं होतं, पण खालच्याच खोबणीत. शिडी लावून वर कोण बघतो?

त्याला बांधून नेल्यावर धाकटा म्हणाला, "वरची कोरडी आहे हे मला ठाऊक होतं, काकू."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचा तरी काय भरवसा?"

हे तिला पटलं. तरी पुढे जन्मभर तिनं त्याच्यावर नजर ठेवलीच.

कामाच्या शेवटच्या दिवशीही ती तेल आणायला घाण्यावर गेली.

"चाळीस वर्षं माझंच तेल नेताय," घाणेवाला म्हणाला, "आज तरी हुंगू नका."

तिनं हुंगलं, थेंबभर बोटांवर चोळलं, त्याच्याच दिव्यात जाळून पाहिलं आणि मग गाडगं पुढे केलं.