चक्कर येणाऱ्या बायका आणि आमचं 'नॉर्मल'

मंडळी, आज फार चीड आली आहे.

रक्ताच्या रिपोर्टवरची 'नॉर्मल' मर्यादा बाहेरच्या लोकांवरून ठरलेली असते. आपल्या भागाची ठरवायची म्हणून आम्ही लॅबवाल्यांनी राहात्याजवळच्या गावात, काही त्रास नाही असं सांगणाऱ्या निरोगी बायकांचं रक्त घेतलं.

जवळजवळ सगळ्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं.

पुन्हा विचारपूस केली, तेव्हा एकजण चक्कर येते म्हणाली. मी तिला विचारलं, "चक्कर येते हे आधी का नाही सांगितलंत?"

ती हसली. "समद्यांनाच येती की, म्याडम. त्यो काय आजार हाय व्हय?"

परतताना आमचे सर म्हणाले, "मग आपलं नॉर्मल खालीच धरू."

म्हणजे उद्या तिचा रिपोर्ट नॉर्मल येणार आणि रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्याही तिला मिळणार नाहीत. मी सांगितलं, माझं नाव या कामातून काढा. सर म्हणाले, "काढतो."

बायका बऱ्या होत नाहीत म्हणून आकडाच खाली आणायचा, याला विज्ञान म्हणायचं का?