चार सुतांचा हट्ट

सिंगापुरातल्या सेम्बावांगच्या त्या ब्लॉकमध्ये पद्माकर मयेकरांना नावाने हाक मारणारं कुणीच नव्हतं. बायको शैला "अहो" म्हणायची आणि उरलेला सगळा ब्लॉक "चीफ". खालच्या कॉफीशॉपमधली चिनी मावशी त्यांना लांबून बघूनच कप काढायची आणि ओरडायची, "चीफ! कोपी!" जहाजावर चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर, इंजिनरूमचा मालक. पद्माकर बावीस वर्षं जहाजावर होते, मग पंधरा वर्षं इथल्या जहाजदुरुस्तीत. आता चौसष्टाव्या वर्षीही आठवड्यातून तीन दिवस एका छोट्या वर्कशॉपमध्ये पंपांचे स्लीव्ह लेथवर टर्न करायला, म्हणजे नळकांडी कातायला, जात. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर, केसाची जाडी मोजणारा मापक. डब्यावर काय छापलंय ते वाचायचंच नाही, आपण मोजायचं, असा त्यांचा खाक्या.

भांडायलाही माणूस पक्का. वर्कशॉपमध्ये हातमोजे यायचे ते गोऱ्या पंज्यांच्या मापाचे. बांगलादेशी आणि तमिळ कामगारांच्या बोटांपुढे दोन सूत रिकामं रबर लोंबायचं आणि साखळी ओढताना अडकायचं. सुपरवायझर म्हणाला, "साइझ स्टँडर्ड आहे." पद्माकरांनी त्याच्या टेबलावर व्हर्नियर आपटला. "कुणाचं स्टँडर्ड? तुझं की ह्यांचं? दाखव मला, कुठल्या माणसाची बोटं एवढी आहेत!" पंधरा दिवस हा तमाशा रोज चालला. सोळाव्या दिवशी लहान मापाचे मोजे आले. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली, पण अजूनही कुणी नवीन कामगार आला की त्याला ही कथा ऐकावीच लागते.

तर अशा माणसाची मुलगी वल्लरी दहा दिवसांच्या सुट्टीवर घरी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "बाबा, रिव्हॉल्व्हरचं कॅलिबर ठरवायचंय. मदत करा ना."

शैलाच्या हातातला डाव आमटीत पडला.

वल्लरी मासेतज्ज्ञ. अलास्कात नदीच्या मुखाशी सॅमन मोजते. ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षं झाली होती. गेल्या उन्हाळ्यात एक तपकिरी अस्वल तिच्यापासून वीस पावलांवर येऊन उभं राहिलं होतं. तिच्या हातात मिरचीच्या फवाऱ्याचा डबा होता आणि वारा तिच्याच तोंडावर होता. अस्वलाला त्या दिवशी दुसरं काहीतरी काम असावं. ते निघून गेलं. हे तिने घरी सांगितलं ते आठ महिन्यांनी, आणि तेही "लकी लाह" म्हणून हसत. शैला मात्र दोन रात्री झोपली नव्हती.

आता तिथल्या एका कारागिराकडे तिने रिव्हॉल्व्हर बनवायला टाकलं होतं. एकेक नग हाताने करणारा म्हातारा. त्याला सोमवारी दुपारपर्यंत कॅलिबर कळवायचं होतं. नाहीतर नंबर दुसऱ्याला जाणार आणि जूनमध्ये वल्लरी पुन्हा तो डबा घेऊनच नदीवर जाणार.

"त्यात विचार कसला?" पद्माकर ताठ बसले. "सगळ्यात मोठं कुठलं?"

"पाचशे."

"म्हणजे अर्धा इंच. चार सूत!" त्यांचा चेहरा उजळला. इंचाचे आठ सूत, अर्ध्याचे चार. चिपळूणच्या आयटीआयमधल्या पहिल्या दिवसापासून हाडात मुरलेलं माप. "हिशेब स्वच्छ आहे. बाकीचे आकडे काय आहेत?"

"फॉर्टी-फोर आहे, फॉर्टी-फाइव्ह आहे. मी फॉर्टी-फोरकडे झुकतेय. त्याच्या गोळ्या कुठेही मिळतात."

"चव्वेचाळीस म्हणजे नळीचा बोअर पॉइंट फोर-फोर-झिरो?"

"नाही. गोळी पॉइंट फोर-टू-नाइन आहे."

पद्माकरांनी घास खाली ठेवला. "अकरा थाऊ कमी? आणि नाव चव्वेचाळीस?" थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पद्माकरांच्या जगात अकरा थाऊंचा फरक म्हणजे शाफ्ट भंगारात. "ही सरळसरळ फसवणूक आहे!"

"पूर्वी गोळी काडतुसाच्या केसच्या, म्हणजे पितळी नळीच्या, बाहेरच्या मापाची असायची, बाबा. मग ती केसच्या आत गेली, बारीक झाली, नाव तेच राहिलं."

"नाव तेच राहिलं म्हणजे? माप बदललं की नाव बदलायला नको? माझ्या मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि हे लोक खोटं नाव लावून विकतायत! नाव एक आणि आत भलतंच, असली वस्तू मी दारात उभी करणार नाही."

"अहो, हळू," शैला म्हणाली. "आणि नावाचं म्हणाल तर तुम्हालाही सगळे चीफ म्हणतातच की."

वल्लरीने ताटात बघितलं. पद्माकर जहाजावरून सेकंड इंजिनिअर म्हणून, चीफच्या एक पायरी खाली, निवृत्त झाले होते. चीफची तोंडी परीक्षा दोनदा हुकली होती, तिसऱ्यांदा बसलेच नाहीत. "चीफ" हे इथल्या जहाजदुरुस्तीतल्या एका फोरमनने लाडाने चिकटवलेलं, आणि त्यांनी ते कधी खोडलं नव्हतं. शैलालाही बोलून गेल्यावर चुटपुट लागली. तिने मुकाट्याने त्यांच्या वाटीत आमटी वाढली.

"पाचशे," पद्माकर एवढंच म्हणाले आणि हात धुवायला उठले.

शनिवारी तिघं सेम्बावांगच्या हॉकर सेंटरवर, खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, जेवायला गेले. निघताना शैलाने तंबी दिली. "तिथे तो शब्द काढायचा नाही. आपण मराठीत बोललो तरी रिव्हॉल्व्हर सगळ्यांना कळतं. हे सिंगापूर आहे, बंदुकीचे कायदे कडक."

"मग काय म्हणायचं?"

"मिक्सर म्हणा."

त्यामुळे इडियप्पमच्या शेवया खाता खाता संभाषण असं चाललं. "मिक्सर पाचशेचाच घ्यायचा," पद्माकर म्हणाले.

"पाचशेचा मिक्सर मी चालवून बघितलाय, बाबा. मैत्रिणीचा होता. एकदा चालवला की हात वर जातो, परत खाली आणेपर्यंत..."

"सवय होते."

"आणि जड आहे. भरल्यावर पावणेदोन किलो. चव्वेचाळीस, पंचेचाळीसचा सव्वा किलोत बसतो."

"ज्याला काम करायचंय त्याने वजनाची कुरकूर करायची नाही."

शेजारच्या टेबलावरची बाई वळली. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जुरोंग ईस्टहून कुणाकडे तरी आलेली, पुण्याची, उत्कर्षा नाव. मराठी कानावर पडल्यावर तिला राहवलं नसावं. "सॉरी काका, मध्येच बोलतेय. पण पाचशे वॉटचा कमी पडतो हो. डाळ भरडतो नुसता. साडेसातशे घ्या."

वल्लरीला ठसका लागला. शैला घाईघाईने म्हणाली, "अगदी बरोबर. आम्ही तेच म्हणतोय."

"पण खरं सांगू का?" उत्कर्षा आता रंगात आली होती. "मी साडेसातशेचा घेतला, आणि तो कपाटात पडलाय. ओट्यावर ठेवला की दुसरं काही मावत नाही. रोज उठून कोण तो उतरवतंय? सासूबाईंनी दिलेला चिटुकला आहे ना, तोच हाताशी असतो. चटणी, आलं-लसूण, सगळं त्याच्यातच. मोठा फक्त पाहुण्यांना दाखवायला."

"माझी मुलगी कपाटात ठेवणाऱ्यातली नाही," पद्माकर फणकारले.

"सगळे आधी असंच म्हणतात, काका," उत्कर्षा हसली आणि आपल्या डोशाकडे वळली.

घरी येईपर्यंत पद्माकर त्या बाईवर धुमसत होते. पण पद्माकरांची एक गोष्ट होती. शंका एकदा डोक्यात शिरली की ती मोजल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आल्या आल्या त्यांनी जुनी कमरेची पिशवी शोधली, दोन बाटल्यांत पाणी भरलं आणि काट्यावर वजन केलं. पावणेदोन किलो. वर-खाली एक ग्रॅम नाही.

रविवारी सकाळी त्यांनी ती पिशवी वल्लरीच्या कमरेला बांधली. "चल, समुद्रापर्यंत. दिवसभर जवळ बाळगायचं ते अंगाला कळायला हवं. हा तुझा पाचशेचा मिक्सर."

"सीरियसली, बाबा?"

"चल म्हटलं ना."

बाप-लेक पायी निघाले. ऊन चढत होतं, शर्ट पाठीला चिकटत होते. वल्लरी आधी तरातरा चालली, मग पिशवी डावीकडे सरकवली, मग उजवीकडे, मग पोटावर. पद्माकर मागून चालत सगळं बघत होते आणि आपल्या चार सुतांची बाजू मनात लढवत होते. पहिला दिवस आहे, पट्टा घट्ट नाही, घाम आलाय. सेम्बावांग पार्क आलं. समोर सामुद्रधुनी, पलीकडे जोहोरचा किनारा, मध्ये एक तेलवाहू जहाज थबकलेलं. वल्लरीने झाडाखालच्या बाकावर बसकण मारली, पिशवी सोडली आणि शेजारी ठेवली. थोड्या वेळाने उठून ती पाण्याच्या कडेला गेली. दगडांत बारीक मासे फिरत होते. ती वाकली, बघत राहिली. मासे दिसले की ही मुलगी जग विसरते, लहानपणापासून.

पद्माकर हळूच उठले. पायातली चप्पल काढली. तिच्या मागे पाच पावलांवर गेले आणि पोटातून ओरडले, "अस्वल!"

वल्लरी किंचाळली. पुढे मासेमारी करणाऱ्या मलाय आजोबांचा गळ हातातून निसटता निसटता राहिला. तिचा हात कमरेला गेला. कमरेला काही नव्हतं. पिशवी बारा पावलं मागे बाकावर होती.

"कुठाय मिक्सर?" पद्माकरांनी विचारलं. विचारताना मात्र ते स्वतःच दचकले होते. कारण त्या एका क्षणात त्यांना मासे दिसले नव्हते, जोहोर दिसला नव्हता. नदी दिसली होती, आणि रिकाम्या कमरेची आपली मुलगी.

"बाबा! हार्ट अटॅक देणार होतात मला!"

"ये इकडे. हात दाखव."

बाकावर बसून त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला. अंगठ्याच्या बेचक्यापासून तर्जनीच्या पेरापर्यंत मोजलं. दोनदा. मग तिच्या फोनवर कारागिराने पाठवलेलं कोष्टक बघितलं, पाचशेला लागणाऱ्या मोठ्या फ्रेमच्या मुठीपासून चापापर्यंतचं अंतर. मग पुन्हा हात मोजला.

"तीन सूत कमी," ते म्हणाले. "तुझं बोट चापाला टोकाने लागतं. पहिला बार जाईल. मग मूठ हातात फिरणार, ती पुन्हा धरेपर्यंत..."

"हेच मी काल सांगत होते. तुम्हीच हातमोज्यांसाठी भांडला होतात ना? कुणाचं स्टँडर्ड, म्हणून?"

पद्माकरांनी व्हर्नियर मिटला. आठ वर्षं ही कथा ते दुसऱ्यांना ऐकवत होते आणि आज तीच कुणीतरी त्यांना परत ऐकवली होती. राग यायला हवा होता. आला नाही. जगातलं अवजार नेहमी कुणाच्या तरी दुसऱ्याच पंज्याच्या मापाने घडतं, हे ज्याने टेबलावर आपटून सांगितलं, तोच आपल्या पोरीच्या हाताला गोऱ्यांचा मोजा चढवायला निघाला होता.

"पाचशे रद्द," ते म्हणाले. "पण चव्वेचाळीस नाही."

"का? नावासाठी?"

"कारागिराने काय लिहिलंय ते वाच."

वल्लरीने वाचून मराठीत सांगितलं. पंचेचाळीसमध्ये गोळी जड, पण दाब कमी. चव्वेचाळीस झटका देतं, पंचेचाळीस ढकलतं. हात लवकर जागेवर येतो. गोळी पॉइंट फोर-फाइव्ह-टू. आणि खाली एक टीप होती, की त्याच्याकडचं पाचशे प्रत्यक्षात पॉइंट फाइव्ह-वन-झिरो असतं.

"काय?" पद्माकर उसळले. "चार सूत आणि वर दहा थाऊ? म्हणजे माझे चार सूतही खोटेच!" आणि मग ते हसायलाच लागले, इतके की मलाय आजोबांनी पुन्हा वळून बघितलं. "पंचेचाळीसच घे. ढकलणारं म्हणजे आमचं जहाजाचं मोठं इंजिन. सावकाश फिरतं, पण समुद्र हलवतं. आणि दोन थाऊ जास्त. नावापेक्षा भरलेलं. दोन थाऊ म्हणजे क्लिअरन्सची फट, तेवढं चालतं."

परत येताना पिशवीत सव्वा किलोच पाणी ठेवलं. घराचं दार उघडेपर्यंत पिशवी वल्लरीच्या कमरेला होती. ती काढायची तिला आठवणही झाली नाही. शैलाने दारातच विचारलं, "ठरला का मिक्सर?"

"पंचेचाळीस. हातात पडल्यापासून रोजची प्रॅक्टिस, आणि मिरचीचा डबा आधी," पद्माकरांनी हुकूम सोडला. "वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं."

दुपारी कारागिराला मेल गेला. इंग्रजी वल्लरीचं, मापं पद्माकरांची. बेचक्यापासून पेरापर्यंत एवढं, मुठीचा घेर एवढा, मूठ इथे पाव सूत घासून कमी, फ्रेम लहान, कॅलिबर पंचेचाळीस. शेवटी वल्लरीने विचारलं, "खाली तुमचं नाव घालू? चीफ इंजिनिअर, रिटायर्ड?"

शैला स्वयंपाकघरात होती, पण भांड्यांचा आवाज थांबला.

"सेकंड इंजिनिअर," पद्माकर म्हणाले. "आहे ते लिही. त्याला मापं खरी पाठवायची आणि वर आपलंच खोटं?"

सोमवारी सकाळी उत्तर आलं. वल्लरीने वाचलं आणि फोन पोटाशी धरून सोफ्यावर लोळायला लागली. पद्माकरांनी चष्मा लावला, फोन हिसकावला आणि स्वतः वाचलं. दोनच ओळी होत्या. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाने हाताची इतकी नीट मापं पहिल्यांदाच पाठवली, काम लगेच सुरू करतो. आणि खाली: थँक्स, चीफ.

"हा पण?" पद्माकर ओरडले. "अहो शैलाबाई, ऐकलंत का! मी लिहून दिलं होतं, सेकंड म्हणून!"

"मग द्या ना लिहून पुन्हा," शैला आतून म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

पद्माकरांनी फोन परत दिला, व्हर्नियर शर्टाच्या खिशात सरळ केला आणि चप्पल घातली. "जाऊ दे. मी खाली कोपी पिऊन येतो."