भाकरतुकडा

माझ्या बहिणीला तिच्या दिराने गच्चीवरून ढकललं. घराच्या वाटणीवरून भांडण होतं. तिच्या सहा वर्षांच्या मुलीने ते पाहिलं आणि पोलिसांना सांगितलंही. पण आमचे लोक! "लेकराला काय कळतं?" "पाय घसरला असेल." त्याचा वकील तर हसून म्हणाला, "बच्ची है अम्मा, भूल जाती." भूल जाती म्हणे! आई पडलेली विसरतं का कुणी?

बहिणीच्या सासूबाईंचं एकच पालुपद, "मी बेगम बाजारात मिरच्या आणायला गेले होते, मला काही ठाऊक नाही." मेहुणे आईपुढे तोंड उघडतील तर शपथ. पोरीला माझ्याकडे द्या म्हटलं, तर आमच्या घरचं पोर परक्यात कशाला! मी सख्खी मावशी, आणि परकी!

पुढे दिराला जामीन मिळाला. पोरीच्या आसपास फिरकायचं नाही, असं कोर्टाने बजावलं होतं. तरी तो सरळ पोर राहते त्या अंबरपेठच्या घरीच येतोय, असं शेजारणीने फोनवर सांगितलं. मी सिकंदराबादहून ऑफिस टाकून रिक्षाने धावले. पोचले तर दारात काय थाट! तो नवा शर्ट घालून उंबऱ्याबाहेर उभा. सासूबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या, आणि पोरीच्या हातात भाकरीचा तुकडा. दवाखान्यातून, लांबच्या प्रवासातून माणूस घरी आला की ओवाळून टाकतात ना, तसा. ह्या मेल्याची इडापिडा टळावी म्हणून! आणि टाळायची कुणी? ज्याने आई मारली, त्याला ओवाळायचं तिच्याच लेकीने! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

"अहो, लाज वाटते का काही?" मी दारातच ओरडले.

"तमाशा नकोय इथे," सासूबाई म्हणाल्या. मग पोरीकडे वळून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "तू ओवाळ गं. आवाज करायचा नाही."

पोरीने त्यांच्याकडे वर पाहिलं. "आजी, गच्चीवर पण तू असंच बोट ठेवलं होतंस. आई पडली तेव्हा."

सासूबाईंच्या हातातला तांब्या कलंडला. मागे दाराशी उभ्या मेहुण्यांनी पहिल्यांदाच मान वर करून आईकडे बघितलं.

मी पोरीला कडेवर घेतलं आणि तडक पोलीस ठाण्याची रिक्षा धरली. अडवायची कुणाची छाती झाली नाही. तुकडा अजून तिच्या मुठीतच होता. वाटेत माझ्या कानाशी तोंड आणून तिने हळूच विचारलं, "मावशी, मी आवाज केला का?"