नानांचं टपाल

नागावच्या नानांनी कोऱ्या कागदाला कधी हात लावला नाही. वाणसामानाची यादी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर, भाच्याला चिठ्ठी कॅलेंडरच्या फाटक्या पानावर. तीस वर्षं पोस्टमनकी केली, पण हातून एक पत्र हरवलं नाही, याचा त्यांना भारी तोरा. "टपाल हरवत न्हाय, मानूस शोधत न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

निवृत्तीनंतर त्यांनी नारळाच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. ईमेलना उत्तरं स्वतः द्यायचे. एका हिवाळ्यात पाहुणे तक्रार करू लागले, उत्तरच येत नाही. मी शेजारी राहायचे आणि नको असलेल्या ईमेल अडवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं काम घरून करायचे. नानांची पत्रं नेमकी आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये अडकत होती. नाना ओटीवर येऊन बसले. "लोक मला खोटा समजतात, पोरी," एवढंच म्हणाले.

मी त्यांचा मजकूर टाइप करून पाठवला. पोहोचला. दहादा पाठवला, दहाही वेळा पोहोचला. चूक डोळ्यांसमोर घडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही, आणि ही काही घडेना. तुमचंच काही चुकत असेल, असं मी म्हणून गेले. त्याची आजही लाज वाटते. नाना रागावले नाहीत.

"पत्ता सापडला न्हाय, तर मी पोस्टात बसून राहायचो न्हाय. दारात जायचो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात गेले. नानांनी मागच्या पाहुण्याला पाठवलेलं पत्र उघडलं, त्यावरच नवा पत्ता घातला आणि लिहायला लागले. खाली सहा वर्षांचे पाहुणे पत्त्यांसकट एकाखाली एक लोंबत होते. नवं पत्र का घेत नाही, मी विचारलं.

"जुन्यावर जागा हाय की. कोरं कशाला वाया घालवू?"

मला हसू आवरेना. त्या शेपटातले पत्ते मोजून आमचं सॉफ्टवेअर समजत होतं, हा गृहस्थ शेकडो लोकांना जाहिराती धाडतोय. चूक नानांची नव्हती, आमच्या मोजणीची होती. जुना मजकूर मोजणीतून वगळायला अर्धा दिवस लागला. संध्याकाळी पहिल्या पाहुण्याचा होकार आला, तेव्हा नानांनी सगळ्या शेजाऱ्यांना शहाळी पाजली.

गेल्या वर्षी नाना गेले. फार आठवण येते. ते लांबलचक पत्र पाहुण्यांची नावं पुसून मी आमच्या चाचण्यांत ठेवलंय. सॉफ्टवेअरमध्ये कुणी काहीही बदललं, तरी आधी ते पोहोचावं लागतं. रोज सकाळी कामाला बसले की मी पहिल्यांदा तेच बघते. नानांचं पत्र पोहोचलेलं असतं.