वाघानं पाडलेला दात

आमच्या जिल्ह्याचा कबड्डीतला वाघ छोट्या विमानाच्या अपघातात गेला, त्या सकाळी येडशीच्या स्टँडवर त्याचे एवढे मामा निघाले, की त्याच्या आजोबाला शंभर पोरं असावीत! त्याला पहिली पकड मीच शिकवली, असं मीही ठोकून दिलं.

शेजारच्या मिशाळ गड्यानं मात्र नुसतं तोंड उघडून पुढची फट दाखवली.

"माकणीच्या सामन्यात म्या त्याचा पाय धरला. तवा पडला हा दात."

"म्हंजे अडवला त्याला?"

"छ्या! मला फरफटत रेषेपार गेला की त्यो!" छाती ही एवढी फुगलेली.

नवा दात बसवायलाच तो धाराशिवला निघाला होता. एसटी आली, तरी उठेना.

"चला की, दात बसवायचाय न्हवं?"

"आता न्हाय. कुणी पाडला, ते लोकांनी इचारलं पायजे."