आखाडात आलेला हनिमून

आज रविवार, सकाळी साडेदहा वाजता मी व्हिएतनामच्या तिकिटांवरची नावं पासपोर्टशी चौथ्यांदा ताडून बघत होतो. तेवढ्यात शिराळ्याहून सासरे आले.

मित्रांनो, मी कुपवाडला लेथवर काम करतो. माप चुकलेलं मला खपत नाही. उन्हाळ्यात लग्न झाल्यापासून मी व्हिसा, तिथला पाऊस, कारखान्याची सुट्टी असं सगळं तपासलं होतं. सासऱ्यांनी जायची तारीख विचारली आणि ती ऐकून बोटांवर महिने मोजले.

मग म्हणाले, "जावईबापू, तवा आखाड हाय. नव्या नवरीनं आखाडात माहेरी राहायचं असतं. मी तेच ठरवायला आलोय."

पंचांग तेवढं बघायचं राहिलं होतं. तिकिटाचे पैसे परत मिळणार नव्हते. माझ्या बायकोचा, कविताचा चेहरा उतरला.

आई आत भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "आवं पाव्हणं, आखाड कशापायी पाळायचा? सुनेनं सासूचं तोंड बघू न्हाई म्हणून. मग व्हिएतनामात मी कुठं दिसणार हाय तिला?"

सासरे लय हसले. "व्हय की. मग शिराळ्यातनंच निघा. विमानतळावर मी सोडतो."

कविता तर लगेच बॅग काढायला उठली. तिला आई म्हणाली, "फकस्त व्हिडिओ कॉल करू नगं. त्यात तोंड दिसतं."

आता मला एकच काळजी आहे. आखाडभर सासूशी बोलल्याशिवाय कविताला करमणार नाही. साधा फोन केलेला चालतो का? तुमच्या घरी काय रीत आहे, ते नक्की सांगा.